बिननावाची डबी आणि माझ्या किडन्या

हा आजार मी स्वतःच्या बोटानं तोंडाला लावून घेतला. रोज सकाळी, आंघोळ झाली की, आरशासमोर उभी राहून. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लपवलं की काय होतं ते मला आता चांगलं ठाऊक आहे.

मी संगीता. जतमध्ये बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं ब्युटी पार्लर आहे. नवरा, तानाजी, फौजेत हवालदार आहे. वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो आणि आला की पहिले चार दिवस घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करायला बघतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमचं घराणं मेंढरंवाल्यांचं. सासरे गेले, तरी आत्यांनी तीसेक मेंढरं ठेवलीच आहेत. मुलगी दिव्या यंदा दहावीला. सांगलीत किडनीच्या ज्या डॉक्टर मॅडमनी मला बरं केलं त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बाकावर बसून पेशंटांशी जे बोलता ना, ते लिहून काढा. माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतात." म्हणून लिहितेय. मला माणसांची तोंडं वाचायची सवय, कागदावर लिहायची नाही. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मानवलंय हं!

आमच्याकडे कुणाचं तोंड भरलेलं दिसलं की लोक खूश होतात. त्या वर्षी दिवाळीनंतर माझे गाल वर आले. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, "संगीताताई, मानवलंय हं! काय खाताय एवढं?" मीही लाजून म्हणायची, कुठं काय. सकाळी उठलं की पापण्या जड असायच्या, दुपारपर्यंत उतरायच्या. मग पायांची पाळी आली. जोडवी रुतायला लागली, ती साबण लावून काढली. लघवीला फेस यायचा. मला वाटलं संडास धुवायच्या नव्या पावडरीचा असेल, म्हणून मी पावडर बदलली. फेस तसाच. मग मी परत पावडर बदलली. आता हसू येतं, पण तीन महिने मी सगळा दोष पावडरीला देत होते.

शेवटी पकडलं ते आत्यांनी. मी ओट्याशी भाकरी थापत उभी होते. त्या खाली बसल्या, माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथं खड्डा राहिला. मेंढराच्या जबड्याखाली पाणी साठलं की त्या असंच दाबून बघतात.

"पानी भरलंय," त्या म्हणाल्या. "ह्ये मानवलेलं न्हवं गं बाई. दवाखान्यात चल."

चाळणी

जतच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि चष्मा काढून ठेवला. प्रोटीन चाललंय, भरपूर चाललंय, उद्याच सांगलीला जा, एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सासू-सुना सकाळच्या एसटीनं सांगलीला गेलो.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी समजावलं ते असं. किडनी म्हणजे रक्ताची चाळणी. पाणी आणि घाण खाली जायची, प्रथिनं वरच राहायची. माझ्या चाळणीची भोकं मोठी झाली होती, त्यामुळे अंगातलं प्रथिन लघवीवाटे वाहून चाललं होतं, आणि म्हणून पाणी नको तिथं साठत होतं.

मी विचारलं, "शिवता येतील का भोकं?"

त्या हसल्या. "कशानं मोठी झाली ते सापडलं, तर बहुतेक आपली आपण बुजतील."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर अंदाजानं कडक औषधं द्यावी लागतील. आणि त्यांनीही ऐकलं नाही तर काही वर्षांत किडन्या थकतात. मग डायलिसिस."

त्यांनी हे गोड करून सांगितलं नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता बरं वाटतं. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं लावून मिरज येईपर्यंत रडले. मग पुढच्या सीटवरची बाई मागं वळली. तिच्या भुवया कुणीतरी फार वाईट कोरल्या होत्या, डावी वर आणि उजवी खाली. त्या बघण्यात माझं रडं थांबलं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण सवय कुठं जाते.

कॅन

किती प्रथिन जातंय हे मोजायला चोवीस तासांची सगळी लघवी साठवून न्यायची होती. पाच लिटरचा पांढरा कॅन मिळाला होता. तो दोन पिशव्यांत घालून मी एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "ताई, कॅनमदी काय हाय? डिझेल चालत न्हाई गाडीत."

मी म्हणाले, "औषध आहे."

त्यानं वाकून झाकणाचा वास घेतला. त्यानंतर सांगली येईपर्यंत तो आमच्या सीटकडं फिरकला नाही. आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि त्या आजारात मी पहिल्यांदा हसले ती तिथं.

मोजून आलं ते सात ग्रॅमच्या वर. निरोगी माणसाचं चिमटीभरही जात नाही म्हणे. आत्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीनं लावला. जेवढं जातंय तेवढं भरायचं! रोज चार अंडी, दिवसाआड मटण, आणि सकाळी पायाचा रस्सा. मी आठ दिवस निमूट गिळलं. मॅडमना कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. चाळणी आधीच दमलेली, तिच्यावर हा आणखी बोजा. अंडं-मटण बंद, मीठ अगदी कमी, खरडा नाही, लोणचं नाही. बिनमिठाची भाजी आणि भाकरी खाताना मी एकदा ताट ढकलून दिलं. दुसऱ्या दिवशीपासून आत्यांनी स्वतःच्या भाजीतही मीठ टाकलं नाही, आणि मी विचारलं तर म्हणाल्या, "मला बी बीपी हाय की."

त्यांना बीपी नाही.

निगेटिव्ह

रक्ताची एक तपासणी बाहेर पाठवली होती. तिचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि मध्येच एक आकडा, पीएलए-टू-आर असं काहीतरी. या प्रकारच्या आजारात बहुतेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची एक खूण सापडते. ती सापडली की कळतं, शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच उलटलीय आणि आपल्याच किडनीवर चालून गेलीय. तानाजीला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपलेच जवान आपल्याच चौकीवर फायर करतायत." त्याला एवढ्या लवकर कळलं याचं मला कौतुक वाटलं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. आम्हाला काय, निगेटिव्ह म्हणजे चांगलं! आत्यांनी बिरोबाला नारळ फोडला, गल्लीत साखर वाटली, तानाजीनं तिकडं तुकडीत जिलबी वाटली. मॅडमच्या समोर मी हसत जाऊन बसले तर त्यांच्या कपाळावर आठ्या.

"संगीताताई, फायर कोण करतंय ते कळलं असतं तर औषध ठरवता आलं असतं. आता किडनीचा तुकडाच काढून बघायला लागेल."

म्हणजे आम्ही वाटलेली साखर परत मागायची वेळ आली.

पालथी

बायोप्सीला पोटाखाली उशी घालून पालथं झोपवतात. पाठीत भूल दिली होती. श्वास धरा, म्हणाले, आणि 'टक्' असा आवाज झाला, स्टेपलर मारल्यासारखा. दोनदा टक्. दुखलं कमी, दचकले जास्त. नंतर सहा तास उताणं पडून राहायचं, हलायचं नाही, उठायचं नाही. ते सहा तास सुईपेक्षा जड गेले. छताला एक पंखा होता. तो मी पाठ केला.

एक सिस्टर दर अर्ध्या तासानं बीपी बघायला यायची. कोवळी पोरगी होती. चौथ्या खेपेला तिनं हळूच विचारलं, "ताई, तुम्ही पार्लरवाल्या ना? माझ्या भुवया कशा करू? चेहरा गोल आहे म्हणून सगळे हसतात." मी उताणीच तिला वाकायला लावलं, हनुवटी धरून इकडं-तिकडं फिरवली आणि सांगितलं, कोन काढ, कमान नको. पुढच्या खेपेला ती दुसऱ्या सिस्टरला घेऊन आली. संध्याकाळी घरी सोडलं तेव्हा वॉर्डातल्या तिघींच्या भुवयांचा निकाल लागला होता. पेशंट म्हणून पडून राहण्यात माणूस आपण कोण होतो ते विसरतो. त्या पोरींनी मला विसरू दिलं नाही.

हळद आणि साय

तुकडा मोठ्या शहरातल्या लॅबला गेला होता. तीन आठवड्यांनी मॅडमनी आम्हा दोघी सासू-सुनांना बोलावलं. चाळणीवर एक प्रथिन सापडलं होतं, नाव नेल-वन. मला आधी वाटलं नेलपॉलिशचा काहीतरी प्रकार आहे. मॅडम म्हणाल्या, शरीराचे रक्षक या प्रथिनाला चिकटून त्याचे थर चाळणीवर साठतात आणि भोकं मोठी होतात. हे कसं घडतं ते अजून पुरतं कळलेलं नाही, पण हे प्रथिन दिसलं की डॉक्टर दोन गोष्टी शोधतात.

"एक म्हणजे अंगात कुठं कॅन्सर दडलाय का. दुसरी, हा माणूस असं काही घेतोय का, भस्म, पुड्या, काढे. किंवा लावतोय का. तुम्ही तोंडाला काय लावता?"

मी म्हणाले, "काही नाही मॅडम. हळद आणि दुधाची साय."

आता इथं थांबून सांगायला हवं. पार्लरवाली आपल्या हातातलं कधी सांगत नाही. ज्या बाईंकडं मी हा धंदा शिकले त्यांनी थ्रेडिंगच्या आधी मला हे शिकवलं होतं, की गिऱ्हाईकानं विचारलं, ताई काय लावलंत, तर हळद आणि साय म्हणायचं. बारा वर्षं मी तेच म्हणत आले. माझ्या हातात खरं होतं ते म्हणजे बिननावाची डबी. दीड वर्षापासून एक फिरती बाई आणून द्यायची. पांढरं मलम, झाकणावर काही लिहिलेलं नाही. कुठून आणते ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पंधरा दिवसांत तोंड उजळायचं. आमच्या भागातल्या उन्हात रापलेल्या बायका आरशात बघायच्या आणि काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी प्रामाणिक होते बरं का! प्रत्येक नवी डबी आधी माझ्या कोपराच्या आत लावून बघायची, आग होते का म्हणून. आणि तोंडाला तर रोजच, कारण पार्लरवालीचं तोंड ही दुकानाची पाटी. त्यामुळे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त डबी माझ्याच अंगात गेली.

मॅडमनी विचारलं तेव्हा मला डबी आठवली नाही असं नाही. आठवली. पण ही बाई सांगलीची, हिला सांगितलं की उद्या सगळीकडं होईल, असा हिशेब डोक्यात येऊन गेला. आणि मलम काही पोटात जात नाही, असंही मी स्वतःला समजावलं. म्हणून मग मॅडमनी कागदावर पहिल्या कारणाखाली रेघ ओढली आणि कॅन्सरच्या तपासण्या लिहिल्या.

पाठीवरचं औषध

पुढचे बारा दिवस मी शत्रूलाही देणार नाही. छातीची तपासणी, पोटाची, स्कॅनच्या त्या बोगद्यात श्वास धरून पडणं. तानाजी सुट्टी काढून आला. एरवी घरात हुकूम सोडणारा माणूस, हातात फायली धरून हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. एकदा तो कॅन्टीनमध्ये चहा घेताना रडला, कपात बघत. दिव्या अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून बसायची. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मी, हळद आणि साय सांगून बसलेली. तपासण्या झाल्या. कॅन्सर कुठंच नव्हता. आम्हाला हायसं वाटलं, पण मॅडम म्हणाल्या, कारण नाही सापडलं तर आता कडक औषधं सुरू करावी लागतील. रोगाशी लढायची ताकदच दाबून टाकणारी औषधं. साध्या सर्दीलाही जपावं लागेल.

औषधं सुरू करायच्या आदल्या दिवशी दुपारी मी अंगणात आत्यांजवळ बसले होते. त्या मेंढरांना गोचिडाचं औषध लावत होत्या. मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचं आणि पाठीच्या कण्यावर बाटलीची एक धार सोडायची. मान वर न करता त्या म्हणाल्या, "डाक्टरीण बाईला डबीचं का सांगितलं न्हाईस?"

मी म्हणाले, "आत्या, ते वरून लावायचं असतं. आत कुठं जातंय?"

"आन् ह्ये? ह्ये बी वरूनच लावतो की पाठीवर. मग पोटाखालच्या गोचिड्या कशा गळत्यात? आन् औषध लावल्यावर चार दिस मेंढीचं दूध का पीत न्हाई आपण?" त्यांनी मेंढरू सोडलं आणि माझ्याकडं बघितलं. "लोक काय म्हणतील म्हून मरशील व्हय? माझ्या पोरानं लगीन रडायला केलंय का तुझ्यासंग?"

मी उठून आत गेले. कपाटातल्या तिन्ही डब्या काढल्या. तानाजीला सांगितलं, तर त्यानं सरळ गाडीची किल्ली घेतली.

पारा

मॅडमनी डबी हातमोजे घालून उघडली, वास घेतला, बंद केली आणि पिशवीत ठेवली.

"रागावलात?" मी विचारलं.

"रागावले होते. आता गेला." त्या म्हणाल्या. "कडक औषधं आज सुरू करत नाही."

डबी आणि माझी लघवी दोन्ही तपासली. दोन्हींत पारा निघाला. थर्मामीटरमध्ये असतो तो. तोंड उजळायचं ते त्याच्यामुळे. मॅडम म्हणाल्या, तुकड्यात ते नेल-वन दिसलं नसतं तर आम्ही डोळे झाकून कडक औषधं दिली असती, तुम्ही तिकडं औषधं खात राहिला असता आणि इकडं डबी लावत राहिला असता.

औषध म्हणाल तर बीपीची एक गोळी, जिनं प्रथिनाची गळती कमी होते, पाणी उतरायची एक गोळी, आणि मलम बंद. एवढंच. दर महिन्याला कॅन. पहिल्या दोन महिन्यांत आकडा हलला नाही, आणि मी रोज सकाळी फेस बघायची. तिसऱ्या महिन्यात सातावरून पाचावर आला. मग साडेतीन. पायात परत जोडवी चढली. चौदा महिने झालेत, आता नुसता अंश उरलाय, बीपीची गोळी अजून चालू आहे. दिव्याला मी डबीला हात लावू दिला नव्हता, शाळेतल्या पोरीला कशाला म्हणून. तरी तिचीही तपासणी केली. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मला माझ्या बायोप्सीपेक्षा मोठे वाटले. तिचं सगळं चांगलं निघालं.

माझं तोंड परत रापलं. मूळचा रंग आला. पहिल्यांदा बरं नाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

फोन

पारा निघाला त्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, "आणखी कुणाकुणाला दिलीत?" मी म्हणाले, सांगते. घरी येऊन मोबाईलमधली नावं काढली. बत्तीस जणी निघाल्या.

त्यांना फोन करायला मी आठ दिवस लावले. रोज उद्या करू म्हणायची. पार्लर बंद पडेल ही भीती होती आणि ती खरीही ठरली, पुढं पाच महिने माझ्या खुर्चीवर फार कुणी बसलं नाही. शेवटी आत्या माझ्यासमोर फोन ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, लाव. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. एकीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पन ताई, एखादी डबी उरलीय का?" तपासणीला गेलेल्यांत चौघींच्या लघवीत प्रथिन सापडलं. त्या मॅडमच्याच औषधावर आहेत आणि सुधारतायत.

एकच राहिली. प्रणाली. लग्नाआधी तीन महिने तिची आई तिला घेऊन यायची. लग्न होऊन ती कराडजवळ मलकापूरला गेली, जाताना दोन डब्या घेऊन. तिचा नंबर बदलला होता. आईला फोन केला, तर ती माझ्यावरच चवताळली. "तिच्या सासरी एक शब्द कळता कामा नये. माझ्या पोरीचं घर मोडायचंय काय तुमाला?" आणि फोन ठेवला.

मी दोन दिवस विचार केला. मग सांगलीत एसटी बदलून कराडला गेले.

मलकापूर

उसाचा ट्रॅक्टर दारात उभा, पोरगा फौजेत, असं भरलेलं घर होतं. प्रणालीनं दार उघडलं आणि मी तिच्या पापण्या बघितल्या. मला अंगठा दाबून बघायची गरज पडली नाही. ती घाबरली. मागून तिच्या सासूबाई आल्या, उंच, करड्या आवाजाच्या. त्यांना मी काकी म्हणाले. जतच्या पार्लरवाल्या ताई आल्यात म्हटल्यावर त्यांनी बसवलं, चहा टाकायला सांगितला.

मी चहा येईपर्यंत थांबले नाही. माझंच सांगितलं. डबी, सूज, कॅन, बायोप्सी, पारा. आणि शेवटी म्हणाले, "काकी, प्रणालीची लघवी आजच तपासायला हवी."

प्रणाली चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. ती पटकन सासूला म्हणाली, "मी कधी लावलीच नाही ती. आई, खरंच नाही."

तिचा आवाज माझाच होता. मॅडमच्या समोर हळद आणि साय म्हणणारा. म्हणून मी म्हणाले, "तिला ठाऊक नाही काकी. लग्नाच्या आधी फेशियल म्हणून मीच फासली, तिला न सांगता." एवढं एक खोटं मी परत बोलले आणि त्याचं मला काही वाटत नाही.

काकी उठून आत गेल्या. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढरी डबी होती, अर्ध्याहून जास्त संपलेली.

"हीच का?"

मी उठून प्रणालीच्या हातातला ट्रे घेतला.

"हिच्या साड्यांच्या खाली व्हती," काकी म्हणाल्या. "आन् एवढी हिनं एकटीनं संपवली न्हाई. सा म्हैनं झालं, ही न्हायला गेली की मी बी बोट लावतीया."

"आई, तुम्ही?" प्रणाली म्हणाली.

"मग! मला त्वांड न्हाई व्हय?" त्यांनी डबी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "चप्पल घाल. दोघींची बी तपासून येऊ."

आम्ही तिघी रिक्षानं कराडच्या एका लॅबमध्ये गेलो. दोघींनी दोन बाटल्या दिल्या आणि आम्ही बाकावर बसून राहिलो, मधे प्रणाली. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून सांगते, प्रणाली आता बरी आहे, तिचा आकडा माझ्यापेक्षा भराभर उतरला. पण त्या दुपारी ते ठाऊक नव्हतं. तासाभरानं लॅबवाल्यानं दोन कागद आणून दिले. काकींच्या कागदावर प्रोटीनसमोर 'नाही' लिहिलं होतं. प्रणालीच्या कागदावर तीन अधिकची चिन्हं होती.

मी सांगितलं, तीन अधिक म्हणजे प्रथिन भरपूर चाललंय. प्रणालीनं डोळे मिटून घेतले. काकींनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसल्या.

"पोरगी गोरी पायजे, न्हाईतर बोलणीच नगं," त्या म्हणाल्या, "असं मीच सांगून धाडलं व्हतं."

मग त्यांनी पदरानं सुनेच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मला सांगलीच्या डॉक्टरांचा नंबर मागितला.